ठाण्याला स्वतःचा नाताळ आहे

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की ठाण्यातील अनेक शाळांच्या पालकगटांवर एक वाद दरवर्षी नव्याने पेटतो. शाळेची सूचना आलेली असते: सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी मुलांनी लाल-पांढरे कपडे घालून यावे, जमल्यास सांताक्लॉजची टोपी आणावी, डब्यात केक द्यावा. त्यावर कोणी लिहिते, हा आपला सण नाही, तो आमच्या मुलांवर लादू नका, त्यापेक्षा २५ डिसेंबरला तुळशीचे पूजन करा. लगेच उत्तर येते की जग कुठे पोहोचले आणि आपण कुठे अडकलो आहोत, नाताळ आता साऱ्या जगाचा झाला, मुलांचा आनंद हिरावून घेऊ नका. दोन्ही बाजू आवेशाने बोलतात, कुठून तरी आलेले संदेश एकमेकांच्या अंगावर ढकलले जातात आणि सुट्ट्या लागल्या की विषय पुढच्या वर्षापर्यंत मिटतो.

या वादातील दोन्ही पक्षांशी माझा मतभेद आहे आणि त्याचे कारण एकच आहे. नाताळ म्हणजे बर्फ, सूचिपर्णी झाड, रेनडिअरची गाडी आणि पांढऱ्या दाढीचा हसरा म्हातारा, असे दोघांनीही गृहीत धरलेले असते. एकाला ते परके म्हणून नको असते, दुसऱ्याला त्या परकेपणाचेच आकर्षण असते. आपल्याच शहरात, चालत जाण्याच्या अंतरावर, मराठी बोलणाऱ्या घरांत शतकानुशतके साजरा होत आलेला नाताळ मात्र दोघांच्याही हिशेबात नसतो. शाळांनी आणि गृहसंकुलांनी नाताळ साजरा करावा, असेच माझे म्हणणे आहे. पण तो मॉलमधून उचलून आणलेला नसावा, ठाण्याचा असावा. जगात जिथे जिथे हा सण खोलवर रुजला तिथे तो त्या त्या मातीचा होऊनच रुजला, हे एकदा नीट पाहिले तर या आग्रहात कोणताही संकुचितपणा नाही, हे पटावे.

पहिली गोष्ट तारखेची. येशूचा जन्म कोणत्या दिवशी झाला, हे बायबलमध्ये सांगितलेले नाही. २५ डिसेंबरचा सर्वांत जुना लेखी पुरावा रोममध्ये ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात मिळतो आणि त्यातली मूळ नोंद ३३६ सालची असावी, असे अभ्यासक मानतात. म्हणजे येशूच्या काळानंतर तब्बल तीन शतकांनी. पुढे पश्चिम युरोपाने ग्रेगरीचे सुधारित पंचांग स्वीकारले, पूर्वेकडील अनेक चर्च जुन्या ज्युलियन पंचांगावरच राहिले, आणि आज या दोहोंत तेरा दिवसांचे अंतर पडले असल्यामुळे रशिया, सर्बिया, जॉर्जिया या देशांत नाताळ ७ जानेवारीला येतो. खुद्द बेथलेहेममध्ये, ज्या जागी येशूचा जन्म झाला असे मानतात तिथल्या एकाच चर्चमध्ये, कॅथलिक लोक २५ डिसेंबरला, ऑर्थोडॉक्स ७ जानेवारीला आणि आर्मेनियन त्यानंतर, १८ जानेवारीच्या रात्री व १९ तारखेला हा सण पाळतात. ज्या गावात सण जन्मला त्या गावातही तो तीन वेगवेगळ्या दिवशी येतो, आणि म्हणून तिथला कोणताही एक नाताळ खोटा ठरत नाही.

इथिओपियाचे उदाहरण तर नाताळाला पाश्चात्त्य म्हणणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. अक्सुमचा राजा एझाना याने चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा आज आपण ज्यांना ख्रिस्ती देश म्हणून ओळखतो त्या उत्तर युरोपातील बहुतेक प्रदेशांत हा धर्म पोहोचलाही नव्हता. तिथे नाताळाला गेन्ना म्हणतात. त्याआधी सुमारे त्रेचाळीस दिवस उपवास असतो आणि त्या काळात मांस, अंडी, दूध असे प्राणिजन्य काहीही खाल्ले जात नाही. ७ जानेवारीच्या पहाटेपर्यंत लोक अंगभर पांढरी सुती वस्त्रे पांघरून चर्चमध्ये उभे राहून प्रार्थना करतात, ढोल वाजतात, धर्मगुरू लयीत पावले टाकत स्तोत्रे गातात. लालिबेला येथे तर खडकात वरून खाली कोरत नेलेली अकरा चर्च आहेत, आणि त्यांच्या काठांवर नाताळाच्या दिवशी दूरदूरहून चालत आलेल्या यात्रेकरूंची दाटी होते. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्या मराठी माणसाला ती रचना कशी केली असेल, हे समजावून सांगावे लागणार नाही. दुपारी मोकळ्या मैदानात हॉकीसारखा एक खेळ रंगतो, त्याचेही नाव गेन्नाच. या साऱ्यात बर्फ नाही आणि सांताक्लॉजही नाही.

मग मॉलमधला सांताक्लॉज आला कुठून? आजच्या तुर्कस्तानातील मायरा या गावी चौथ्या शतकात निकोलस नावाचे बिशप होऊन गेले. त्यांच्या दानशूरपणाच्या कथा युरोपभर पसरल्या, आणि १०८७ साली त्यांचे अवशेष इटलीतील बारी या बंदरात नेण्यात आले. डच लोकांनी त्यांना सिंटरक्लास म्हणून घरी आणले. नेदरलँड्समध्ये आजही मुलांना मुख्य भेटवस्तू ५ डिसेंबरच्या संध्याकाळी मिळतात, नाताळाला नव्हे. हीच कल्पना न्यूयॉर्कमध्ये रुजली, १८२३ साली तिथल्या एका वृत्तपत्रात छापलेल्या कवितेने त्याला आठ रेनडिअर दिले, १८६३पासून टॉमस नॅस्ट या व्यंगचित्रकाराने त्याला गोलमटोल शरीर दिले आणि पुढे उत्तर ध्रुवावरचे घरही दिले. १९३१पासून कोका कोलाच्या जाहिरातींसाठी हॅडन संडब्लॉमने काढलेल्या चित्रांनी तो चेहरा जगभर पक्का केला. घोडबंदर रस्त्यावरच्या मॉलमध्ये आपण ज्याच्याबरोबर मुलांचे फोटो काढतो तो हा एका देशाच्या शहरी बाजारपेठेने घडवलेला सांता आहे. त्याचा मला राग नाही. लहान मुलांना तो आवडतो आणि आवडावा. पण त्यालाच अखिल ख्रिस्ती जगाचा प्रतिनिधी मानणे, ही इथिओपियाच्या शेतकऱ्याची आणि आपल्या शेजाऱ्याचीही उपेक्षा आहे.

याच अमेरिकेतल्या एका वसाहतीत एके काळी नाताळावर बंदी होती, हे फार थोड्यांना माहीत असते. इंग्लंडमध्ये प्युरिटन या कडक प्रॉटेस्टंट पंथीयांचा जोर असताना १६४७ साली संसदेने नाताळाचा सण रद्द केला. बायबलमध्ये ज्याला आधार नाही आणि ज्याच्या नावाखाली दारू नि जुगार चालतो तो सण हवा कशाला, असा त्यांचा सवाल होता. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ साली हा दिवस पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला आणि तो कायदा १६८१पर्यंत टिकला. स्कॉटलंडमध्ये नाताळ सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला तो १९५८ साली. क्यूबात १९६९ साली ऊसतोडणीच्या हंगामाचे कारण देऊन सुट्टी बंद करण्यात आली आणि पोपच्या भेटीच्या तोंडावर, १९९७ साली ती परत मिळाली. युक्रेनने २०२३ साली कायदा करून सुट्टी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरला आणली, त्यामागे रशियापासून वेगळे होण्याची इच्छा उघड होती. नाताळ साजरा करावा का, कसा आणि कधी, हा प्रश्न श्रद्धावान ख्रिस्ती समाजांनीही वेळोवेळी तावातावाने विचारला आहे. त्यामुळे पालकगटावर तो विचारला जातो याचे मला वाईट वाटत नाही. वाईट याचे वाटते की तो विचारताना आपण पुरेशी माहिती गोळा करत नाही.

फिलिपिन्स हा आशियातील सर्वांत मोठी कॅथलिक लोकसंख्या असलेला देश. तिथे सप्टेंबर लागताच नाताळाचे वेध लागतात. १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस पहाटेच्या अंधारात मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, होते, तिला सिंबांग गाबी म्हणतात. ही वेळ का निवडली, याचे उत्तर शेतीत आहे. शेतकऱ्याला उन्हाच्या आत शेतावर पोहोचायचे असे. दिवसभर राबून दमलेल्या माणसाला रात्री प्रार्थनेला बोलावण्यापेक्षा पहाटे बोलवावे, हे स्पॅनिश धर्मगुरूंना उमगले आणि युरोपातली वेळ बाजूला ठेवून त्यांनी तिथल्या शेताची वेळ धरली. मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारातच तांदळाच्या पिठाची, केळीच्या पानावर कोळशाच्या धगीत भाजलेली बिबिंगका आणि बांबूच्या नळ्यांत वाफवलेला जांभळा पुतो बुंबोंग विकायला ठेवलेले असतात. दारोदार बांबूच्या काड्यांचा सांगाडा करून त्यावर कागद चिकटवलेली पाच टोकांची चांदणी टांगतात, तिला पारोल म्हणतात. आपल्या दिवाळीच्या आकाशकंदिलाची ती सख्खी बहीण शोभावी. पाम्पांगा प्रांतातल्या सान फर्नांडो शहरात याच पारोलची प्रचंड रूपे स्पर्धेसाठी उभी राहतात आणि हजारो दिव्यांचे रंग संगीताच्या तालावर बदलत जातात. सण बाहेरून आला होता, त्याला तिथल्या तांदळाने, बांबूने आणि शेतीच्या वेळापत्रकाने आपले केले.

मेक्सिकोत त्याच नऊ दिवसांत पोसादास होतात. मरिया आणि योसेफ यांना बेथलेहेममध्ये मुक्कामाला जागा मिळेना, त्याचे स्मरण म्हणून गल्लीतील लोक एकेका दाराशी जाऊन गाण्यातून आसरा मागतात, आतले गाण्यातूनच नकार देतात आणि अखेर एका घराचे दार उघडते. पोलंडमध्ये २४ डिसेंबरला पहिली चांदणी दिसेपर्यंत कोणी जेवत नाही. मग टेबलावर बारा पदार्थ मांडले जातात, त्यांत मांस नसते, पापडासारखी पातळ पवित्र पोळी एकमेकांच्या हातून मोडून खाल्ली जाते आणि अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी एक जागा रिकामी ठेवली जाते. ऑस्ट्रेलियात डिसेंबर भर उन्हाळ्यात येतो, म्हणून तिथली कुटुंबे समुद्रकिनारी जेवतात आणि संध्याकाळी उघड्या बागेत मेणबत्त्या लावून गातात. मेलबर्नमध्ये ही प्रथा १९३८ साली सुरू झाली. तिथेही बर्फाचे चित्र असलेली शुभेच्छापत्रे गेली पण लोकांनी आपला उन्हाळा लपवला नाही.

गोठ्याची परंपरा मला या सगळ्यांत जास्त जवळची वाटते, कारण तिच्यातून हा सण कसा प्रवास करतो हे दिसते. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या डोंगराळ गावात असिसीचे संत फ्रान्सिस यांनी गावकऱ्यांना येशूजन्माचा प्रसंग डोळ्यांनी दिसावा म्हणून एका गुहेत गवत पसरले, बैल आणि गाढव आणून उभे केले आणि तिथे मिस्सा घडवून आणली. ज्यांना लॅटिन कळत नव्हते त्यांच्यासाठी तो खटाटोप होता. पुढे नेपल्सच्या कारागिरांनी मातीच्या बाहुल्यांत गोठे घडवले तेव्हा त्यांनी येशूबाळाच्या भोवती आपल्याच शहराचा बाजार मांडला: मासेविक्या, कसाई, पाववाला, खिडकीत वाळत घातलेले कपडे. तिथल्या सान ग्रेगोरिओ अर्मेनो या गल्लीत आजही वर्षभर हीच दुकाने चालतात. गोठा असा गावोगाव गेला आणि जिथे गेला तिथल्या माणसांनी त्यात आपली माणसे बसवली. ठाण्याच्या, उत्तनच्या, वसईच्या घरांतही तो भाताच्या पेंढ्याने शाकारलेला असतो, आणि त्यापुढचे हिरवे शेत करण्यासाठी कित्येक घरांत दहा-बारा दिवस आधी पसरट भांड्यात गहू किंवा नाचणी पेरली जाते.

यावर एक आक्षेप हमखास येतो. जपानमध्ये तर ख्रिस्ती लोक जेमतेम एक टक्का आहेत, तरी तिथे नाताळ झगमगाटात साजरा होतो, आणि कोणी तक्रार करत नाही. मग ठाण्यातच एवढा खल कशाला? जपानचा नाताळ खरोखरच वेगळा आहे. २५ डिसेंबरला तिथे सुट्टी नसते. स्ट्रॉबेरी लावलेला मलईचा केक आणि तळलेली कोंबडी हे त्या दिवसाचे खाणे, आणि कोंबडीची ही प्रथा केंटकी फ्राइड चिकनने १९७४ साली देशभर केलेल्या जाहिरातीतून पसरली. पण जपानमध्ये सण असा चर्चवाचून का आला, याला इतिहास आहे. तिथल्या राज्यकर्त्यांनी १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली, ती उठायला १८७३ साल उजाडले. मधल्या अडीचशेहून अधिक वर्षांत नागासाकीच्या आसपासच्या गावांतील ख्रिस्ती कुटुंबांनी धर्मगुरूंवाचून, चर्चवाचून, लपूनछपून आपली श्रद्धा जपली. बंदीच्याही आधी, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून मारण्यात आले, आणि त्यांतले एक, गोन्सालो गार्सिया, आपल्या वसईत जन्मलेले होते. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. जपानी शहरांत शेजारी ख्रिस्ती घर सापडणे दुर्मीळ, म्हणून तिथे बाजाराने सण घडवला हे समजून घेता येते. ठाण्याला ती सबब नाही. आपल्याकडे घरे आहेत, माणसे आहेत, त्यांची भाषा आपलीच आहे, आणि तरीही आपण सण मात्र दुकानातून आणतो.

ठाण्याचा ख्रिस्ती इतिहास पोर्तुगीजांपासून सुरू होतो, असा सर्वसाधारण समज आहे, तोही अपुरा आहे. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्याच्या बंदरात उतरले आणि इथेच मारले गेले. त्यांच्याबरोबर आलेल्या जॉर्डन या धर्मगुरूने ती हकीकत लिहून कळवली आणि पुढे काही वर्षांनी आलेल्या ओडोरिक या प्रवाशाने त्यांच्या अस्थी इथून नेल्या. या साधूंना ठाण्यात ज्यांनी आपल्या घरी उतरवून घेतले ती पूर्वेकडील नेस्टोरियन परंपरेतली ख्रिस्ती कुटुंबे होती. म्हणजे वास्को द गामा भारतात येण्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी या गावात नाताळ पाळणारी घरे होती.

पोर्तुगीज अमलातला काळ मात्र सरळ सांगितला पाहिजे. साष्टी आणि वसईच्या मुलुखात देवळे पाडली गेली, धर्मांतरासाठी सत्तेचा आणि आमिषांचा वापर झाला, आणि १७३७ साली ठाणे व १७३९ साली वसई मराठ्यांनी घेतली त्यामागे या जाचाचाही वाटा होता. ज्यांना नाताळाचे नाव काढताच हा इतिहास आठवतो, त्यांची आठवण खोटी नाही. परंतु पंधरा-सोळा पिढ्यांपूर्वी जे घडले त्याचा जाब आज ठाण्याच्या गावठाणात राहणाऱ्या कुटुंबाकडे मागणे न्यायाचे नाही. ज्यांच्यावर सक्ती झाली त्यांचेच तर हे वंशज आहेत. शिवाय राज्ये बदलली, पोर्तुगीज गेले, मराठे आले, इंग्रज आले, तरी या लोकांनी मराठी सोडली नाही. येशूच्या जन्माची कथा मराठी ओवीत सांगणारे फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापले गेले, तेव्हा तुकोबा अजून बालवयात होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी लिहिलेली मराठी भजने आजही अनेक मराठी चर्चमध्ये गायिली जातात. आणि वसईच्या मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. या परंपरेला परकी म्हणायचे असेल तर मराठीच्या इतिहासातली बरीच पाने फाडावी लागतील.

ठाण्या-मुंबईच्या या मूळ ख्रिस्ती रहिवाशांना ईस्ट इंडियन म्हणतात. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, नोकऱ्यांसाठी मुंबईत आलेल्या गोव्याच्या आणि मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांपासून आपली वेगळी ओळख राहावी म्हणून त्यांनी हे नाव घेतले. आज ते आपल्याच गावात अल्पसंख्य झाले आहेत. गावठाणांच्या भोवती मनोरे उठले, शेते आणि मिठागरे गेली, आणि त्यांच्या सणाचे आवाज बंद खिडक्यांपर्यंत पोहोचेनासे झाले.

तलावपाळीच्या काठावर सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळापासून उभे आहे. त्याच्या परिसरातल्या एका ईस्ट इंडियन घरात डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी कुलकुल हा तळणीचा गोड पदार्थ करताना पाहिला आहे. मैदा आणि रवा नारळाच्या दुधात घट्ट मळलेला होता. घरातल्या आजी परातीपुढे बसून सुपारीएवढ्या गोळ्या तोडून देत होत्या, आणि चारही नातवंडांच्या हातात एकेक नवी कोरी फणी होती. गोळी फणीच्या दातांवर ठेवायची, अंगठ्याने दाबत खाली ओढायची आणि सुटलेली पातळ पट्टी आपल्याशीच गुंडाळून घ्यायची; म्हणजे दात उमटलेला छोटा शिंपला तयार होतो. ज्याचा शिंपला उलगडे त्याला आजी काही न बोलता तो परत मळून देत. मग तळणे, मग साखरेच्या पाकात घोळवणे. बाजूला उन्हाळ्यात कुटलेला बाटली मसाला जुन्या काळ्या बाटलीतून काढून ठेवलेला होता. पंचवीस-तीस जिन्नसांचा हा मसाला सणाच्या मटणात पडतो आणि सोबतीला तळलेले गोल फुगे असतात. गप्पा सगळ्या मराठीत चालल्या होत्या. घरोघरी वाटायच्या ताटांची यादी फ्रिजवर चिकटवलेली होती आणि तिच्यातली निम्मी आडनावे हिंदू होती, कारण दिवाळीत त्या घरांतून फराळ आलेला होता.

त्याच आठवड्यात मॉलमधल्या कृत्रिम बर्फात मुले लोळताना मी पाहिली. बाहेर तीस अंश तापमान होते. थर्माकोलचे दाणे मुलांच्या दमट दंडांना चिकटत होते आणि लाल मखमलीच्या झग्यातला, सांता झालेला विशीतला मुलगा दर थोड्या वेळाने खांबाआड जाऊन दाढी खाली ओढून घाम पुसत होता. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हा गणपतीच्या मखरांवरून किती चर्चा झाली, घरोघरी लोकांनी कागदाचे, पुठ्ठ्याचे मखर केले. नाताळाच्या बर्फाबद्दल तेवढा विचार झालेला मला दिसत नाही. ही जबाबदारी ख्रिस्ती समाजाची नाही, कारण हा बर्फ त्यांनी मागितलेलाच नाही.

आता शाळांविषयी. नाताळाबद्दल शिकवणे म्हणजे धर्मप्रचार होतो, ही भीती काही पालक प्रामाणिकपणे बोलून दाखवतात. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे राज्यघटनेचे २८वे कलम सांगते, आणि ते योग्यच आहे. पण शेजाऱ्याचा सण काय असतो, तो इथिओपियात आणि फिलिपिन्समध्ये कसा असतो आणि ठाण्यातल्या चरईत कसा असतो, हे सांगणे भूगोल आणि इतिहास शिकवणे आहे. उलट, कोणताही अर्थ न सांगता मुलांना टोपी घालून नाचवणे, यातून ना ज्ञान मिळते ना आदर. विरोध करणाऱ्या पालकाच्या मनात जी अढी असते ती अशा पोकळ कार्यक्रमांनीच घट्ट होते, कारण त्याला त्यात खरोखर काही सापडत नाही. वर्गात ख्रिस्ती मूल असेल तर त्याची आजी किंवा आई येऊन आपल्या घरचा नाताळ सांगू शकते. तो ईस्ट इंडियन असेल, गोव्याचा असेल, पंचवीस दिवस उपवास करणाऱ्या केरळच्या सिरियन ख्रिस्ती घरचा असेल, किंवा अहमदनगरकडून (आताच्या अहिल्यानगरकडून) आलेल्या, पेटी-तबल्यावर भजन म्हणणाऱ्या प्रॉटेस्टंट घरचा असेल. ठाणे आणि नवी मुंबईत हे सारे नाताळ एकाच वेळी नांदतात, आणि एवढी संपत्ती फार थोड्या शहरांना मिळते.

इथे एक जपणूक हवी. ख्रिस्ती कुटुंबाला प्रदर्शनातील वस्तूसारखे मंचावर उभे करू नये. गृहसंकुलाच्या कमिटीने वर्षानुवर्षे क्लबहाउसमध्ये सांता आणला, पण संकुलातल्या ख्रिस्ती रहिवाशांना तुम्हाला काय हवे असे विचारले नाही, असे प्रकार मी जवळून पाहिले आहेत. विचारले असते तर कदाचित एवढेच उत्तर आले असते की नाताळगीते गात येणाऱ्या आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या कक्षेतल्या, तरुणांच्या गटाला फाटकावर अडवू नका, आणि २४ तारखेच्या रात्री मिस्सेहून परतणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्यांना जागा द्या. या मागण्या साध्या आहेत आणि त्यांना पैसे लागत नाहीत. मध्यरात्रीची म्हणून ओळखली जाणारी मिस्सा आता मुंबई-ठाण्यातल्या बऱ्याच चर्चच्या पटांगणांत रात्री दहाच्या आत संपवली जाते, कारण ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार त्यानंतर सहसा उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. शतकांची वेळ या समाजाने नियमासाठी बदलली आणि त्याचा गाजावाजा केला नाही. आपण निदान त्याची दखल घ्यावी.

सांताला शाळेतून हाकलून द्या, असे मी म्हणत नाही. लहान गटातल्या मुलांना एक दिवस तो भेटला, चॉकलेट देऊन गेला, तर काही बिघडत नाही. तुळशीचे पूजन करणाऱ्यांनीही ते जरूर करावे. तुळशीला वर्षातला कोणताही दिवस वर्ज्य नाही, मात्र दुसऱ्याच्या सणाला उत्तर म्हणून केलेल्या पूजेत तुळशीचाही मान राहत नाही. माझा आग्रह प्राथमिकच्या वरच्या वर्गांसाठी आहे, जिथे मुले नकाशा वाचू लागतात आणि प्रश्न विचारू लागतात. त्यांच्यासाठी सुट्टीच्या आदल्या दिवशीचा कार्यक्रम घाईचा ठरतो आणि त्या आठवड्यात ख्रिस्ती घरेही स्वतःच्या तयारीत गुंतलेली असतात. त्याऐवजी शाळांनी जानेवारीचा पहिला आठवडा निवडावा. नाताळातले गोठे बहुतेक चर्चमध्ये आणि घरांत तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीच्या सुमारापर्यंत, उतरवले जात नाहीत. सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा ते जागेवरच असतात आणि धर्मगुरूंनाही थोडी उसंत मिळालेली असते. मुख्याध्यापकांनी डिसेंबरच्या सुरुवातीलाच जवळच्या धर्मग्रामाला पत्र लिहून वेळ मागावी, पालकांना उद्देश स्पष्ट कळवून संमती घ्यावी, ज्यांना मूल पाठवायचे नसेल त्यांच्यावर दबाव आणू नये, आणि एकेका वर्गाला पायी घेऊन जावे. तलावपाळीपासून जवळ असलेल्या शाळांना तर त्यासाठी बसचाही खर्च नाही.